पिंक फ्लॉइडची आडवाटेची गाणी: तुमची निवड कोणती?

रानवारा

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक गटाचा विषय निघाला की गाडी हमखास १९७३ च्या 'द डार्क साइड ऑफ द मून'वर जाते, पुढे 'विश यू वेअर हिअर' आणि 'द वॉल' ही दोन मोठी स्थानके घेते आणि तिथेच थांबते. या तिन्ही अल्बमांबद्दल माझी काही तक्रार नाही, पण त्यांच्यावर इतके लिहून झाले आहे की त्यासाठी आणखी एक धागा काढण्याचे धाडस होत नाही. हा धागा जलद गाडी जिथे थांबत नाही त्या गाण्यांसाठी आहे.

'कमी परिचित' कशाला म्हणायचे यावर पहिल्याच प्रतिसादात वाद होईल, म्हणून आधीच एक चाळणी लावतो. २००१ मध्ये 'एकोज' नावाचा २६ गाण्यांचा निवडक संग्रह निघाला. त्या २६ मधले किंवा वर सांगितलेल्या तीन अल्बमांमधले कोणतेही गाणे इथे चालणार नाही. ही चाळणी वाटते तितकी बारीक नाही, कारण 'मोअर', 'उम्मागुम्मा', 'अ‍ॅटम हार्ट मदर' आणि 'ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स' या चार अल्बमांतले एकही गाणे त्या संग्रहात नाही. म्हणजे मूळचा गायक-गिटारवादक सिड बॅरेट गट सोडून गेल्यानंतर आणि बासवादक रॉजर वॉटर्सने सगळी सूत्रे हाती घेण्याआधी चौघे जण चार दिशांना चाचपडत होते, त्या वर्षांतली बहुतेक सगळी गाणी आपल्याला मोकळी आहेत.

माझी निवड १९७१ च्या 'मेडल'मधले 'फिअरलेस'. याच अल्बमच्या दुसऱ्या बाजूला तेवीस मिनिटांचे 'एकोज' हे गाणे आहे आणि त्याच्या सावलीत पहिल्या बाजूची गाणी कायमची झाकोळली गेली. 'फिअरलेस'मध्ये गिटारची एक सुरावट पायऱ्या चढावी तशी वर जाते, क्षणभर थांबते आणि पुन्हा पहिल्या पायरीवर येते. गाणे डोंगर चढणाऱ्या आणि गर्दीला सामोऱ्या जाणाऱ्या एकट्या माणसाचे आहे, आणि चाल त्याच्याबरोबर चढत राहते. गिटारवादक-गायक डेव्हिड गिलमोर इथे आवाज अजिबात ताणत नाही. शेजारी बसून सांगावे तसे गातो. शेवटी मात्र लिव्हरपूल फुटबॉल क्लबच्या मैदानावरचा जमाव 'यू विल नेव्हर वॉक अलोन' गात गाण्यावर चाल करून येतो. वॉटर्स स्वतः आर्सेनलचा पाठीराखा असताना लिव्हरपूलचा जमाव का घेतला, हा वेगळा गमतीचा भाग. मला अस्वस्थ करते ते हे, की गर्दीविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसाचे गाणे शेवटी गर्दीच्या तोंडी जाते, आणि ती गर्दी त्याला धीर देते आहे की गिळून टाकते आहे हे कितीही वेळा ऐकले तरी ठरवता येत नाही.

तुमची निवड लिहा, आणि नुसते नाव न देता कारणही द्या.

निशाचर

धागा उत्तम आहे, पण चाळणी अन्यायाची आहे. माझे पहिले आणि एकमेव नाव 'जगबँड ब्लूज' होते आणि ते नेमके त्या २६ गाण्यांत आहे. संग्रहात घेतले म्हणून गाणे लोकांच्या ओठांवर येते असे थोडेच आहे? 'मनी' ऐकलेल्या शंभर जणांना विचारा, पाच जणांनीही ते ऐकलेले नसेल.

नियमात बसत नसले तरी सांगतो. १९६८ च्या 'अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स'चे हे शेवटचे गाणे आणि बॅरेटने या गटाबरोबर केलेले अखेरचे. मधेच साल्व्हेशन आर्मीचा ब्रास बँड घुसतो. त्या वादकांनी मनाला येईल ते वाजवावे अशी बॅरेटची इच्छा होती, तर निर्माता नॉर्मन स्मिथ याला ते लिहून दिलेल्या स्वरांप्रमाणे हवे होते, आणि ती ओढाताण गाण्यात ऐकू येते. मग सगळे कोसळते आणि उरतो एक माणूस व एक गिटार. स्वतःच्या निरोपसमारंभाला पाहुण्यासारखा हजर राहिलेला गायक दुसरीकडे कुठे ऐकलेला नाही. आता खुशाल बाद करा.

रानवारा

निशाचर, तुमचे म्हणणे पटते, तरीही बाद. एका गाण्यासाठी दार किलकिले केले की मागून 'शीप' आणि 'सॉरो' रांगेत उभी राहतील. त्याच अल्बममधले दुसरे काही सुचवा.

मंद्रसप्तक

त्याच अल्बममधले मी सुचवते: कीबोर्डवादक रिचर्ड राइटचे 'रिमेंबर अ डे'. लहानपणीच्या एका दिवसाकडे परत जाता येत नाही, एवढीच गोष्ट आहे. राइटचा आवाज बॅरेटसारखा चमत्कारिक नाही आणि गिलमोरसारखा भरीवही नाही. तो थोडा बावरलेला, स्वतःशी बोलणारा आवाज आहे आणि या गाण्याला नेमका तोच हवा होता. ड्रम्सचा ठेका सतत गडगडत पुढे ढकलत राहतो आणि वर पियानो मात्र मागे वळून पाहत राहतो. ते ड्रम्स गटाचा ड्रमवादक निक मेसन याने वाजवलेले नाहीत. त्याला हवा तसा ठेका जमेना, म्हणून निर्माता नॉर्मन स्मिथ स्वतः वाजवायला बसला. निशाचर ज्याला दूषण देत आहेत तोच हा स्मिथ, हे जाता जाता नोंदवते.

१५ सप्टेंबर २००८ रोजी राइट गेला आणि त्यानंतर आठच दिवसांनी गिलमोरने ब्रिटिश दूरचित्रवाणीवर त्याच्या आठवणीसाठी गाणे निवडले ते हेच. डोळ्यांसमोर राइटची कितीतरी प्रसिद्ध कामे असताना, चाळीस वर्षांपूर्वीचे आणि गिलमोर गटात येण्याआधी ध्वनिमुद्रित होऊ लागलेले हे गाणे त्याने उचलले.

आणि राइटचेच दुसरे नाव, 'अ‍ॅटम हार्ट मदर'मधले 'समर ६८'. दौऱ्यावर असताना एका रात्रीपुरत्या भेटलेल्या मुलीला उद्देशून हे गाणे आहे. रॉक संगीतात अशा भेटींवर बढाईची गाणी पोत्याने मिळतील. इथे मात्र सकाळी उरलेला रितेपणा आहे आणि आपण एकमेकांशी धड एक वाक्यही बोललो नाही याची टोचणी आहे. सुरुवातीला पियानोवरचे हळुवार गाणे वाटते आणि मग अचानक तुताऱ्यांचा ताफा छप्पर उडवून देतो. मला हा ताफा पूर्वी आगाऊ वाटायचा. आता वाटते की बाहेरची जत्रा आणि आतला माणूस यांतली फट दाखवायला त्याला एवढा गोंगाट लागतच होता.

चकवा

'द नाइल साँग', 'मोअर', १९६९. कारण: गिलमोर घसा फाटेपर्यंत ओरडतो आणि गिटार भिंत पाडते. पिंक फ्लॉइड म्हणजे झोपाळू संगीत असे म्हणणाऱ्याला एवढे एकच गाणे ऐकवावे.

तिसरा_प्रहर

चकवा यांच्याशी असहमत. 'द नाइल साँग' ही दुसऱ्यांच्या अंगरख्यातली फ्लॉइड आहे. त्या वर्षी असा गोंगाट करणारे गट पुष्कळ होते. 'मोअर'मधून घ्यायचेच तर 'सिंबलीन' घ्या. दुःस्वप्नावरचे गाणे आहे, पण त्यात किंकाळ्या नाहीत. हलका ठेका, मागे राइटचा ऑर्गन आणि कुठेही न पोहोचणारे एक ध्रुवपद. १९७० च्या सुमाराच्या कार्यक्रमांत ते गाणे मध्येच थांबवत आणि 'अ‍ॅझिमथ कोऑर्डिनेटर' या यंत्रातून पावलांचे व दारांचे आवाज सभागृहात चहूबाजूंनी फिरवत. अंधारात पाठीमागून पावले येत आहेत, एक दार उघडते, बंद होते, आणि पावले आता डावीकडे गेली आहेत. तबकडीवर यातले काही नाही, म्हणून अल्बमवरचे 'सिंबलीन' मला नेहमी अर्धे वाटते.

माझी खरी निवड मात्र 'डॉग्ज'. 'अ‍ॅनिमल्स'मधले 'शीप' तेवढे त्या संग्रहात आहे, तेव्हा नियमाने 'डॉग्ज' चालायला हवे.

रानवारा

नियमाने चालते हे खरे, आणि नियम मीच केला असल्यामुळे मला निमूट बसावे लागेल. पण मनापासून सांगा, सतरा मिनिटांचे आणि फ्लॉइडच्या प्रत्येक चाहत्याला पाठ असलेले ते गाणे आडवाटेचे आहे का?

जुनी_तबकडी

'अ‍ॅनिमल्स'मधली खरी दुर्लक्षित गाणी म्हणजे आरंभीचे आणि अखेरचे 'पिग्ज ऑन द विंग', प्रत्येकी जेमतेम दीड मिनिटाचे. कुत्री, डुकरे आणि मेंढरे यांच्या त्या कडवट जगाला वॉटर्सने दोन्ही टोकांना एकेक साधे प्रेमगीत लावले आहे, आणि ती दोन टोके काढली तर मधल्या भागात श्वास घ्यायला जागाच उरत नाही. १९७७ च्या एट-ट्रॅक कार्ट्रिजवर, म्हणजे त्या काळच्या फितीच्या डबीवर, हे दोन्ही भाग जोडले होते आणि मधल्या सांध्यावर स्नोई व्हाइटने वाजवलेला गिटारचा तुकडा होता. नेहमीच्या तबकडीवर तो नाही.

आता माझी निवड: 'अ‍ॅटम हार्ट मदर'मधले गिलमोरचे 'फॅट ओल्ड सन'. मला ते प्रथम भेटले एका मित्राने भरून दिलेल्या कॅसेटवर. कॅसेटची बाजू लहान पडली होती, त्यामुळे शेवटचे कडवे संपता संपता फीत संपायची आणि खट्ट आवाज व्हायचा. कित्येक वर्षे मी समजत होतो की हे एक छोटेसे, गुणगुणण्याजोगे संध्याकाळचे गाणे आहे आणि ते असेच मऊपणे मिटते. पुढे तबकडी हाती आली आणि खट्ट आवाजाच्या जागी गिटार सुरू झाली. ती खरखरीत आणि जराशी लांबून, शेजारच्या घरातून आल्यासारखी ऐकू येते, आणि तिच्यामागून पुन्हा सुरुवातीच्या त्या दूरच्या घंटा. गिलमोरने यात ड्रम्सपासून बासपर्यंत बहुतेक सगळे स्वतः वाजवले आहे. ड्रम्स थोडे अडखळतात हे मला मान्य आहे आणि ते तसेच असावेत असे माझे मत आहे.

अवांतर: वॉटर्स आणि गिलमोर या दोघांचे फार थोड्या गोष्टींवर एकमत होते, 'अ‍ॅटम हार्ट मदर' हा वाईट अल्बम आहे ही त्यांतली एक. ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेला त्यांचा पहिला अल्बम मात्र हाच. कलावंतांना आपल्या कामातले सगळेच कळते असे नाही.

तिसरा_प्रहर

'फॅट ओल्ड सन'साठी पूर्ण सहमती, पण बीबीसीवर ३० सप्टेंबर १९७१ रोजी झालेल्या कार्यक्रमातले ऐका. तिथे पाच मिनिटांचे हे गाणे सुमारे पंधरा मिनिटे चालते. तुमची घरगुती संध्याकाळ तिथे सबंध दिवस होते, मध्ये ऑर्गन आणि गिटार एकमेकांना वाट देत जातात. २०१६ च्या 'द अर्ली इयर्स' संचात ते अधिकृतपणे आले आहे.

जुनी_तबकडी

ऐकले आहे. भव्य आहे, आणि नेमकी तीच माझी अडचण आहे. भव्यता हवी असेल तर या गटाकडे ती ढिगाने आहे. लहान गाणे लहान राहू देणे त्यांना फार थोड्या वेळा सुचले.

अनाहूत

सगळा धागा वाचला आणि 'ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स'चे नाव पहिल्या लेखानंतर कोणीच काढले नाही, याचे वाईट वाटले. हा प्रतिसाद थोडा लांबेल.

१९७२ च्या जानेवारीपासून हे लोक 'डार्क साइड'मधली गाणी कार्यक्रमांत वाजवत होते. ती घडवण्याचे काम चालू असतानाच बार्बे श्रोडर या दिग्दर्शकाच्या 'ला व्हॅले' या चित्रपटासाठी संगीताचे काम आले. मग फ्रान्समधल्या शातो देरूव्हिल या हवेलीतल्या स्टुडिओत, जपानच्या दौऱ्याच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन तुकड्यांत त्यांनी हा अल्बम उरकला. 'उरकला' हा शब्द मुद्दाम वापरतो, कारण त्याची खुमारी त्या घाईतच आहे. एरवी एकेका आवाजावर आठवडे घालवणाऱ्या चौघांना इथे वेळच नव्हता. गाणे सुचले, वाजवले, पुढचे घ्या. त्यामुळे सरळ बसून वाजवणारा एक गट ऐकू येतो, जो 'डार्क साइड'नंतर पुन्हा फारसा भेटत नाही.

यातले 'वॉट्स अ द डील' हे माझे गाणे. बाहेर थंडीत उभा असलेला, वय वाढत चाललेला माणूस आत येऊ द्या म्हणतो, आणि आत यायची किंमत काय हेही विचारतो. गिलमोर मृदू गातो, राइटचा पियानो मधल्या जागेत येऊन थोडा वेळ घर सांभाळतो आणि मग स्टील गिटार सरकत वर जाते. शब्द वॉटर्सचे, आवाज गिलमोरचा, ऊब राइटची. तिघांचे जमले होते तेव्हा काय होत असे, याचा यापेक्षा नेटका नमुना मला ठाऊक नाही. २००६ च्या दौऱ्यात गिलमोरने ते पुन्हा बाहेर काढले आणि तेव्हा पियानोवर राइटच होता.

याच अल्बमवर 'फ्री फोर' आहे. टाळ्या, उड्या मारणारा ठेका, आणि शब्द म्हातारपणाचे व मरणाचे. वॉटर्सचे वडील १९४४ मध्ये इटलीतील अ‍ॅन्झिओच्या लढाईत मारले गेले, तेव्हा तो पाच महिन्यांचा होता. 'द वॉल'मध्ये जे दुःख चार बाजूंवर पसरले ते सात वर्षे आधी इथे एका उडत्या चालीत येऊन गेले आहे, आणि कोणाच्या फारसे लक्षात आले नाही. 'चाइल्डहूड्स एंड'बद्दलही लिहिणार होतो, पण एवढेच सांगतो की त्यातली टिकटिक ऐकून 'डार्क साइड'मधले 'टाइम' आठवले नाही तर पैसे परत.

मंद्रसप्तक

अनाहूत, प्रतिसाद फार आवडला. त्याच अल्बमवरचे राइटचे 'स्टे' मात्र तुम्ही सोडलेत. 'समर ६८'मधला तोच माणूस, तशीच सकाळ, फक्त या वेळी तुताऱ्या नाहीत. दोन्ही एकापाठोपाठ ऐका.

चकवा

मला अजून 'द नाइल साँग'च आवडते. पण 'ग्रँटचेस्टर मेडोज'बद्दल कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो, कारण ते माझे दुसरे नाव आहे आणि गोंगाटाच्या अगदी उलट टोकाचे आहे. 'उम्मागुम्मा'च्या दुसऱ्या तबकडीवर प्रत्येकाला अर्धी अर्धी बाजू वाटून दिली होती. बाकीच्यांनी त्या जागेत प्रयोग केले, त्यांतले काही एकदा ऐकून पुरतात. वॉटर्सने आपल्या वाट्यातल्या पहिल्या साडेसात मिनिटांत केंब्रिजजवळची नदीकाठची कुरणे आणून ठेवली. एक गिटार, दबका आवाज आणि सबंध गाणेभर न थांबणारा चंडोल. मध्येच एक पाणपक्षी पंख फडफडवत पाण्यावरून उठतो.

हेडफोन लावून शेवट ऐका. गाणे संपते, एक माशी घोंघावू लागते, ती एका कानातून दुसऱ्या कानात जाते. मग पायऱ्यांवर कोणाची तरी पावले वाजतात. पावले जवळ येतात, माशी फिरतेच आहे, पावले तिचा पाठलाग करतात, आणि फटका. इतका वेळ आपण नदीकाठी होतो आणि खरे तर कोणीतरी खोलीत बसून नदीकाठ आठवत होते, असे मला त्या फटक्याला कळते. पहिल्यांदा ऐकताना मी खरोखर दचकलो होतो.

तिसरा_प्रहर

चकवा यांच्याकडून हे येईल असे वाटले नव्हते. 'द नाइल साँग'बद्दलचा माझा प्रतिसाद थोडा सौम्य समजावा.

आता एक अडचणीचे नाव: 'द गनर्स ड्रीम', १९८३, 'द फायनल कट'. या अल्बमच्या वेष्टनावरच तो रॉजर वॉटर्सचा आणि पिंक फ्लॉइडने सादर केलेला असे लिहिले आहे. राइट तर त्यात नाहीच. तेव्हा याला फ्लॉइडचे गाणे म्हणायचे का, असा आक्षेप येईल आणि तो मला मान्य आहे. तरीही ते गाणे आहे. विमानातून खाली कोसळणारा तोफची सैनिक मरण्याआधी एक जग पाहतो, जिथे रात्री कोणी दार ठोठावून माणसाला नेत नाही. मधे वॉटर्सचा आवाज चढत चढत किंचाळीला जातो, आणि ती किंचाळी तुटण्याऐवजी राफाएल रेव्हन्सक्रॉफ्टच्या सॅक्सोफोनमध्ये उतरते. माणूस कुठे संपला आणि वाद्य कुठे सुरू झाले, तो सांधा सापडत नाही. मी तो पुष्कळदा शोधला आहे.

जुनी_तबकडी

माझा आक्षेप आहेच. 'द फायनल कट'मध्ये मला एकच माणूस बोलताना ऐकू येतो आणि बाकीचे खोलीबाहेर उभे असल्यासारखे वाटतात. अखेरच्या 'टू सन्स इन द सनसेट'मध्ये तर ड्रम्सही मेसनचे नाहीत, अँडी न्यूमार्कचे आहेत. सांधा सुंदर आहे हे मात्र खरे.

अनाहूत

मग खोलीबाहेर गेलेला माणूस परत आल्याचे गाणे घ्या. १९९४ च्या 'द डिव्हिजन बेल'वर राइटचे 'वेअरिंग द इनसाइड आउट' आहे. 'टाइम'नंतर तब्बल एकवीस वर्षांनी त्याने फ्लॉइडच्या अल्बमवर मुख्य आवाजात गायलेले हे गाणे. सॅक्सोफोनवर डिक पॅरी आहे, तोही 'विश यू वेअर हिअर'नंतर प्रथमच परतलेला. शब्द राइटचे नाहीत, अँथनी मूरचे आहेत. पण कित्येक वर्षे गप्प राहिलेल्या माणसाचे हे शब्द दुसऱ्या कोणी गायले असते तर खोटे वाटले असते. आवाज थोडा जाड झाला आहे, बावरलेपण तेच आहे.

रानवारा

धागा काढताना मला वाटले होते की बॅरेट विरुद्ध वॉटर्स विरुद्ध गिलमोर अशी नेहमीची लढाई होईल. प्रत्यक्षात राइटचीच बरीच गाणी निघाली, आणि त्यांतले एकही माझ्या मनातल्या यादीत नव्हते. 'समर ६८' काल रात्री सलग तीनदा ऐकले. मंद्रसप्तक, तुताऱ्यांबद्दल मी अजून तुमच्या पूर्वीच्या मताचा आहे, पण दोन दिवसांनी पुन्हा विचारा.

निक मेसनने २०१८ मध्ये 'सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स' या नावाचा गट काढून 'डार्क साइड'पूर्वीचीच गाणी वाजवायला घेतली, त्यांत 'फिअरलेस', 'चाइल्डहूड्स एंड' आणि चकवा यांचे 'द नाइल साँग'ही आहे. म्हणजे ढोल वाजवणाऱ्याला ही आडवाट आपल्या आधीपासून ठाऊक होती.

निशाचर

बाद झाल्यानंतर रुसून बसलो होतो, ते सोडून 'रिमेंबर अ डे' हेडफोन लावून ऐकले. राइट गातो, स्मिथ ड्रम्स वाजवतो, इथपर्यंत मंद्रसप्तक यांनी सांगितले. पण त्या सगळ्याच्या वर जी स्लाइड गिटार कण्हत, घसरत, सुराच्या कडेकडेने फिरत राहते, ती बॅरेटची आहे. गाणे १९६७ मधले आहे आणि तेव्हा तो अजून गटात होता. लहानपणीचा दिवस परत येत नाही असे राइट म्हणतो, आणि मागे बॅरेट वाजवतो आहे.

रानवारा, माझे मत 'रिमेंबर अ डे'ला नोंदवा. तुमच्या चाळणीतून बॅरेट आत आला.